बांगड्यावर धरलेला टॉर्च

रविवारची रात्र, पुण्यातलं एक कोकणी जेवणाचं हॉटेल, आणि शेजारच्या टेबलावर आजोबांच्या ताटावर मोबाइलचा टॉर्च धरून बसलेला नातू. ताटात बांगड्याचं तिखलं. आजोबांच्या उजव्या हाताची बोटं रश्शाने माखलेली, डावा हात सोलकढीच्या वाटीवर, म्हणून उजेडाचं काम नातवाकडे. मधला काटा त्यांनी एका ओढीत सोडवून ताटाच्या कडेला ठेवला. हात सरावाचा होता. अडचण बारीक काट्यांची. एरवी ते बोटांनाच कळतात, पण तिखलं वाफाळत होतं, रस्सा दाट होता, आणि न बघता घास तोंडात टाकायचं वय उलटून गेलेलं. टॉर्चच्या निळसर झोतात तो बांगडा पंचनाम्याला ठेवल्यासारखा दिसत होता. "आबा, झालं का?" नातवाने हात बदलत विचारलं. "थांब रे, पोटाकडचे राहिलेत," आबा म्हणाले. वेटर आला, टॉर्चला वळसा घालून भाकरी ठेवली आणि निघून गेला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. खरं तर कुणालाच वाटलं नाही.

त्याच टेबलामागच्या भिंतीवर वारली चित्र होतं आणि त्यावर दोन स्पॉट रोखलेले होते. तारप्याभोवती फेर धरणारा एकेक माणूस मोजून घ्यावा इतकं ते लख्ख दिसत होतं.

दिव्यांत कंजूषी झाली होती म्हणावं, तर तसंही नाही. वेताच्या टोपल्या उलट्या टांगून केलेली झुंबरं, फॉल्स सीलिंगच्या खाचेतून पाझरणारी पिवळी पट्टी, गल्ल्यामागच्या फळ्यांवर, पायऱ्यांच्या कडेला, कुंडीतल्या केळीखाली, असे चाळीसेक दिवे सहज निघाले असते. त्यातला एकही ताटावर पडत नव्हता. हे इतक्या ठिकाणी इतक्या वेळा दिसतं की आता तो अपघात वाटत नाही. खोली छान दिसावी म्हणून दिवे लावले जातात आणि जेवणारा त्या खोलीत ओशाळलेल्या पाहुण्यासारखा बसतो. बाहेर जेवायला जाणं म्हणजे घरच्यापेक्षा वेगळ्या उजेडात बसणं, हे खरंच आहे. त्यासाठीच तर आपण जातो. वेगळा म्हणजे कसा आणि कुणासाठी, इथेच सगळी गडबड होते.

आधी थोडं मोजमाप करून घेऊ, म्हणजे "अंधुक" या शब्दावर भांडणं होणार नाहीत. वस्तूवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजतात. एक मेणबत्ती एक मीटरवरून जेवढा उजेड टाकते, तो साधारण एक लक्स. तीच मेणबत्ती एका फुटावर आणली की जवळजवळ अकरा लक्स, कारण अंतर तिसरा हिस्सा झालं की उजेड नऊपट होतो, आणि फूट तर मीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास. ऑफिसच्या टेबलावर तीनशे ते पाचशे, हॉटेलच्या मुदपाकखान्यात भाज्या चिरायच्या ओट्यावर पाचशे असावा अशी अपेक्षा असते. रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर पन्नास ते दोनशेच्या मधे कुठेही बरं वाटतं. मोबाइलवर लक्स मोजायची अ‍ॅप मिळतात. फोन टेबलावर उताणा ठेवायचा. आकडा काटेकोर येत नाही, पण वीस आहे की दीडशे एवढं कळतं आणि आपलं काम तेवढ्यावर भागतं. आता यातली मेख: साठीच्या डोळ्यात विशीच्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान झालेली असते आणि आतलं भिंग पिवळं पडलेलं असतं. म्हणजे ज्या टेबलावर पन्नास लक्स आहे, तिथे आबांच्या वाट्याला सोळा-सतरा येतात. हॉटेलचं डिझाइन करणारा तिशीतला आणि बिल भरणारा साठीतला. त्या दोघांनी कधी एका टेबलावर बसून मासे खाल्लेले नसतात.

आणि तिखलं लाल असतं, हे तर दुखण्यावर डाग. १९व्या शतकात यान पुर्किने या चेक शास्त्रज्ञाने एक गोष्ट हेरून ठेवली: उजेड उतरत गेला की लाल रंग सगळ्यांत आधी काळा पडतो, निळे-हिरवे मात्र टिकून राहतात. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे सरतात आणि अंधारातल्या पेशी पुढे येतात, त्यांना लालचं फारसं सोयरसुतक नसतं. टेबलावर दहा लक्सच्या खाली गेलात की मिसळीची तर्री इंजिन ऑइल दिसायला लागते. तांबड्या रश्श्याच्या वाटीत वर तरंगणारं तेल आणि खालचा रस्सा यांच्यातली सीमाच पुसली जाते. ती सीमा बघून तर माणूस ठरवतो, वरचा कट घ्यायचा की चमचा खोल बुडवायचा. आपलं जेवण लाल-पिवळ्यातलं: हळद, मिरची, कोकम, केशर, तळलेल्याचा तांबूसपणा. काळोखाचा फटका आपल्या ताटाला जास्त बसतो. पांढऱ्या सॉसमधल्या पास्त्याचं त्यात फार बिघडत नाही.

नुसता उजेड वाढवून हे सुटत नाही, कारण दिव्याच्या जातीचाही प्रश्न असतो. पांढरा एलईडी म्हणजे आतून निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फरचा लेप. त्या मिश्रणात गडद लालची बोंब असते. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० लिहिलेला असतो आणि घेणाऱ्याला वाटतं, ऐंशी टक्के म्हणजे फर्स्ट क्लास. पण तो आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असते. गडद लालचा नंबर नववा, त्याला आर-नाइन म्हणतात आणि तो सरासरीत धरलेलाच नसतो. ऐंशीच्या दिव्यात आर-नाइन शून्याच्या घरातसुद्धा असू शकतो. जेवणाच्या टेबलावर सीआरआय नव्वदच्या वर आणि आर-नाइन पन्नासच्या वर, असं दुकानदाराकडून लिहून घ्यावं. तो खोकं उलटंपालटं करेल, मग आत जाऊन कॅटलॉग आणेल. कॅटलॉगातही नसेल तर तो दिवा जिन्यात लावायला ठीक. घरगुती परीक्षा हवी असेल तर सोलकढीची वाटी दिव्याखाली धरा. चांगल्या उजेडात ती गुलाबी दिसते, त्यात नारळाच्या दुधाची साय हलते. वाईट उजेडात तिचा रंग धुतलेल्या पाटीसारखा होतो, आणि गंमत म्हणजे ती मग चवीलाही पाणचट लागते. डोळा नाकाजिभेला किती दामटतो, याचा एक नामी प्रयोग बोर्दोत झाला होता, २००१ मध्ये छापून आला. वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढऱ्याच वाइनमध्ये बिनचवीचा लाल रंग मिसळून दिला, तर त्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत.

रंगछटेचं केल्विन आता सगळ्यांना पाठ झालंय. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा, ३००० म्हणजे वॉर्म व्हाइट, ६५०० म्हणजे आपल्याकडे घराघरात असलेला कूल डेलाइट. जेवायला २७०० ते ३०००, यात वाद नको. १९४१ मध्ये फिलिप्समधल्या क्राउथॉफ नावाच्या डच शास्त्रज्ञाने आलेख काढून दाखवला होता की कमी उजेड पिवळसर असेल तर सुखावतो आणि कमी उजेड निळसर असेल तर उदास वाटतो. पुढच्या अभ्यासांनी त्या आलेखाच्या रेघा इतक्या काटेकोर मानल्या नाहीत, पण रात्री साडेनऊला एकच कूल डेलाइट बल्ब जळत असलेल्या रिकाम्या हॉटेलात शिरून बघा. एसटी स्टँडची आठवण होते आणि भूक कमी होते. सगळ्यांत वाईट मिश्रण असतं. बारा दिवे ३०००चे, त्यातला एक गेला, वायरमनने कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळाला तो लावला. मग जन्मभर तो एक दिवा कवळीतल्या नव्या दातासारखा चमकत राहतो. यावर उपाय फार साधा आहे: दिवे घेताना त्याच खोक्यातले आठ-दहा जास्तीचे घेऊन गल्ल्याखाली टाकून द्यायचे, कारण एकाच कंपनीच्या एकाच नंबरच्या दोन लॉटमध्येही छटा फरकते.

आता स्पॉट कुठे मारायचा. टेबल अडीच फूट उंच, फॉल्स सीलिंग आठ फुटांवर, मधे साडेपाच फूट. ३६ अंशांचा झोत तिथून टेबलावर साडेतीन फुटांचा गोल टाकतो. चार जणांच्या टेबलाला बरोब्बर. दोघांच्या टेबलाला २४ अंशांचा पुरतो, त्याचा गोल सव्वादोन फुटांचा पडतो. एवढ्यासाठी सात वॉटचा दिवा लावायची काही गरज नसते. तीन वॉटचा चांगला स्पॉट त्या गोलात दीडशे ते दोनशे लक्स देतो आणि त्यात बांगड्याचा प्रत्येक काटा दिसतो. बाकी खोली तीस-चाळीसवर ठेवा, वाटलं तर वीसवर. अंधार बिचारा नडत नाही. ताट उजळलेलं असेल तर भोवतीचा अंधार पांघरुणासारखा वाटतो, शेजारच्या टेबलावर काय चाललंय ते दिसत नाही आणि आपलं कुणी बघतंय असंही वाटत नाही. टांगते दिवे असतील तर त्यांची खालची कड टेबलाच्या वर अडीच ते तीन फुटांवर हवी. त्याहून वर गेली की बल्ब डोळ्यात, त्याहून खाली आली की समोरच्याशी बोलायला मान वाकडी. आणि टोपीच्या आत बल्ब उघडा दिसत असेल तर त्या दिव्याचा उपयोग संपला. डोळा तेजस्वी ठिपक्याशी जुळवून घेतो आणि ताट अजूनच काळं वाटतं.

हे सगळं कागदावर झकास. रविवारी रात्री मात्र आठ जण येतात आणि म्हणतात, "दोन टेबलं जोडून द्या." पोऱ्या टेबलं सरकवतो, आणि मोजूनमापून लावलेले स्पॉट आता एक जोडाच्या फटीवर आणि एक थेट मामांच्या टकलावर. वरून डोक्यावर पडणारा झोत हा माणसाच्या चेहऱ्याचा शत्रू आहे. भुवयांची सावली डोळ्यांत, नाकाची सावली ओठांवर, गालांखाली खड्डे. चाळिशीतली बाई त्या खुर्चीत बसली की आठवड्याचं जागरण झाल्यासारखी दिसते, तिला ते माहीत नसतं, समोरच्याला जाणवतं आणि तो विचारतो, "बरं नाही का?" झालं, जेवणाचा रंग गेला. म्हणून जिथे टेबलं सरकणार आहेत तिथे छतात गाडलेले दिवे घेऊच नयेत. रुळावर सरकणारे ट्रॅक लाइट घ्यावेत, किंवा निदान मान फिरणारे. आणि झाडूच्या दांड्याने तो फिरवायला पोऱ्याला शिकवावं. दर सोमवारी सकाळी लादी पुसून झाली की टेबलं आपापल्या झोताखाली परत यावीत म्हणून फरशीवर पायांच्या खुणा करून ठेवतात ती हॉटेलं थोडी आहेत, पण आहेत.

चेहरा सुंदर दिसायचा असेल तर उजेड खालून यावा लागतो, हे इराण्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मुंबईतली इराणी हॉटेलं नाक्यावर असायची. नाक्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार घेत नसत आणि ती इराण्यांना मिळाली, असं सांगतात. दोन रस्त्यांचा उजेड आत, उंच छत, भिंतीवर आरसे आणि पांढरा संगमरवर लावलेली टेबलं. वरून आलेल्या उजेडातला अर्ध्याहून जास्त तो दगड परत वर पाठवतो, विखरून, मऊ करून. म्हणून बशीत चहा ओतणारा म्हाताराही तिथे राजबिंडा दिसतो. आरसे काही शोभेसाठी नव्हते. गल्ल्यावर बसलेल्या शेटला पाठमोरं गिऱ्हाईकही दिसावं म्हणून होते, पण त्यांनी उजेड दुप्पट केला तो वरकड फायदा. धोबी तलावची कयानी १९०४ची, बॅलार्ड इस्टेटची ब्रिटानिया १९२३ची. एसी बसवायचा म्हणून दारं बंद करून काचा काळ्या केल्या की त्या धाटणीचं हॉटेल संपतं, मग पाटीवर साल कितीही जुनं असो. आजच्या हॉटेलवाल्याने यातून एवढं जरी उचललं तरी पुष्कळ: टेबल गडद रंगाचं असेल तर त्यावर पांढरा कागद अंथरा. तोच स्पॉट, तोच वॉट, पण चेहरे उजळतात. टेबलावर काच ठेवली तर मात्र ती उजेड विखरत नाही, दिव्याचं प्रतिबिंब जसंच्या तसं डोळ्यात मारते. गुळगुळीत लॅमिनेट केलेल्या मेन्यूकार्डाचंही तसंच; ते वाचणारा माणूस पतंगाची कन्नी बांधल्यासारखा कार्ड पुढे-मागे तिरकं करत बसतो.

परमिट रूमचा अंधार हा वेगळ्या कुळातला. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याच्या खिशात परवाना दिला आणि "परमिट रूम" हा शब्दही दिला, पण पिताना कुणी ओळखू नये ही गरज काही कायद्याने भागवली नाही. ती भागवली लाल झिरोच्या बल्बने. तो नावाचाच झिरो, खातो बारा ते पंधरा वॉट. आत शिरल्यावर पाच मिनिटं कुणीच कुणाला दिसत नाही. आणि जो आधी येऊन बसलाय त्याला दारातून येणारा प्रत्येक जण स्पष्ट दिसतो, ही त्या व्यवस्थेतली खरी हुशारी. तिथे अंधार खपतो कारण समोर येतं ते खारे शेंगदाणे, चणे, मसाला पापड. चकण्यात काटे नसतात. हात आपोआप जातो, तोंड आपोआप हलतं, बघायची गरजच नाही. बिल आलं की वेटर स्वतः छोटी टॉर्च मारतो, तेवढा एक आकडा दिसला की काम झालं. घोळ कुठे झाला, तर हा अंधार "अँबियन्स" नावाने फॅमिली हॉटेलात आला आणि येताना चकणा मागेच राहिला. पापलेट, चिंबोऱ्या, नळी, तिसऱ्या, जे जे सोलून, फोडून, चोखून खायचं ते सगळं पंधरा लक्समध्ये. चिंबोरीची नांगी अंधारात फोडणं हा काही रोमँटिक प्रकार नव्हे.

खानावळीत याच्या अगदी उलट. चार फुटांच्या छत्तीस वॉटच्या ट्यूबा, प्रत्येकीतून निघणारा एकूण उजेड अडीच हजार ल्युमेनच्या घरात, पिस्ता रंगाच्या ऑइलपेंटवर दोन्ही बाजूंना. सावली कुठेच नाही. भाकरीवरचा डाग, वाटीच्या कडेला वाळलेला ओघळ, शेजाऱ्याच्या बनियनचं भोक, सगळं सारख्याच निर्दयपणे दिसतं. तरीही तिथे जेवण चांगलं लागतं, आणि ते का लागतं याचा विचार करण्यासारखा आहे. लख्ख उजेडात आपल्याकडच्या माणसाचा विश्वास बसतो. "अंधारात काय वाढतात कुणास ठाऊक" हे वाक्य आईच्या पिढीने प्रत्येक मंद दिव्यांच्या हॉटेलात एकदा तरी म्हटलेलं असतं. जितका अंधार तितकं बिल, हाही हिशेब तिच्या डोक्यात पक्का. शिवाय खानावळीत कुणी रेंगाळायला येत नाही. ताट, दोन वेळा आमटी, ताक, बडीशेप, वीस मिनिटांत बाहेर. तिथे पिवळे दिवे लावले तर माणसं बसून राहतील आणि दारात उभी असलेली रांग हलणार नाही. मालकाला हे केल्विन न मोजता कळतं.

मेणबत्तीचा अंधार मात्र खरा कुठे शोभतो, तर गोव्यातल्या शॅकमध्ये. कापलेल्या बाटलीत वाळू, वाळूत मेणबत्ती, समोरच्याच्या चेहऱ्यावर जेमतेम तीन लक्स. तेवढ्यात डोळे, दात आणि ग्लासाची कड दिसते. किंगफिश दिसत नाही, पण तळलेल्या तुकडीत मधला एकच मोठा काटा असतो, तो हाताला लागतो. तिथला अंधार काही ठिकाणी सजावटीचा भागही नसतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं निघाली की उजळ दिशेला समुद्र समजून धावतात, आणि शॅकचा हॅलोजन समुद्रापेक्षा उजळ असला की ती उलटी फिरतात. अशा ठिकाणी "जरा लाइट वाढवा की" म्हणणाऱ्याने टॉर्चवर भागवावं.

दिवसाचा प्रकार कुणी लक्षातच घेत नाही. दुपारी एकच्या उन्हात बाहेर लाखभर लक्स असतो. त्यातून माणूस काळ्या काचेचं दार ढकलून चाळीस लक्समध्ये शिरतो. डोळ्याला सावरायला आठ-दहा मिनिटं लागतात, पूर्ण अंधाराला सरावायला अर्धा तास. म्हणजे दारातल्या पायरीवर ठेचकाळण्याचा आणि मेन्यू वाचून ऑर्डर द्यायचा, हे दोन्ही क्षण नेमके आंधळेपणाचे. म्हणून "थाळीच आण" म्हणून माणूस मोकळा होतो. खरं तर दुपारी आतला उजेड रात्रीपेक्षा जास्त हवा, दाराजवळ तर तिप्पट. आणि रात्री नऊनंतर तो टप्प्याटप्प्याने उतरवायला हवा. होतं उलटं. दुपारी "ऊन आहेच की" म्हणून निम्मे दिवे बंद, आणि संध्याकाळी गल्ल्यावरच्या फोटोला अगरबत्ती ओवाळून, बटणांच्या अख्ख्या पट्टीवरून तळहात फिरवून, सगळे एकदम चालू. त्या दिवेलागणीत एक देखणेपणा आहे, मालक दिव्याला हात जोडतो तेव्हा दोन गिऱ्हाइकंही नकळत जोडतात. पण मग रात्री बारापर्यंत ते तसेच.

डिमर लावा म्हटलं की वायरमन पंख्याच्या रेग्युलेटरसारखा जुना डिमर आणतो. तो साध्या बल्बसाठी बनलेला असतो. त्याला निदान चाळीस-साठ वॉटचा भार लागतो, आणि आपल्या लाइनवर तीन-तीन वॉटचे दहा एलईडी म्हणजे सगळे मिळून तीस. मग दिवे थरथरतात, गुणगुणतात किंवा अर्ध्यावर येऊन पटकन विझतात. दिवा आणि त्याला वीज पुरवणारी डबी, म्हणजे ड्रायव्हर, डिमेबल हवा, डिमर एलईडीसाठीचा हवा, आणि तिघांची जोडी आधी टेबलावर जोडून बघायला हवी, छत बंद केल्यावर नव्हे. जुना बल्ब मंद केला की तांबूस व्हायचा, चुलीतल्या निखाऱ्याकडे झुकायचा. साधा एलईडी मंद केला की त्याच छटेत नुसता मरगळतो. मंद होताना पिवळा होत जाणारे दिवे मिळतात, महाग पडतात. स्वस्त ड्रायव्हरची आणखी एक खोड म्हणजे वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला थेट दिसत नाही, पण वाढणाऱ्याचा हात तुकड्यातुकड्यांनी पुढे येतो, पंख्याची पाती उलटी फिरल्यासारखी वाटतात आणि जेवण संपेस्तोवर कपाळ ठणकतं. फोनच्या स्लो-मोशनमध्ये दिव्याचं चित्रण करून पाहिलं की काळे पट्टे लगेच पकडता येतात. आणि छताच्या खाचेतली ती बारा व्होल्टची पट्टी एका टोकाला वीज देऊन पाच मीटरपेक्षा लांब ओढली की पलीकडच्या टोकाला मलूल होते. दोन्ही टोकांनी वीज द्या नाहीतर चोवीस व्होल्टची घ्या.

जांभळ्या दिव्यांबद्दल थोडक्यात, कारण राग येतो. निळ्या-जांभळ्या उजेडात पावाला बुरशी आल्यासारखी दिसते आणि मटण शिळं. तरी ते लावतात, कारण रीलमध्ये उठून दिसतात. प्लास्टिकच्या हिरवळीच्या भिंतीवर गुलाबी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं असतं, त्याला निऑन म्हणतात. आत निऑन वायूचा मागमूस नसतो, सिलिकॉनच्या नळीत घातलेली एलईडीची पट्टी असते. त्या भिंतीपुढे उभं राहून फोटो काढतात आणि जेवतात मात्र तिच्याकडे पाठ करून. क्यूआर कोडने तर मेन्यूकार्डच घालवलं. आता सहा जण बसले की सहा चेहरे हनुवटीखालून निळे, सगळे एकाच वेळी वाचणारे आणि कुणीच कुणाकडे न बघणारे. फोन खाली ठेवला की परत दोन मिनिटं ताट दिसत नाही.

उजेडाइतकाच आवाजही जेवण घालवतो. गुळगुळीत फरशी, काचेची भिंत, छत उघडं ठेवून काळं रंगवलेलं. आवाज शोषेल असं काहीच नाही. शेजारी मोठ्याने बोलला की आपण आवाज चढवतो, मग तो, मग गाणं वाढवतात. फ्रान्सच्या लाँबार नावाच्या डॉक्टरने १९११ मध्ये हे नोंदवलं होतं. शनिवारी रात्री नऊला कुठल्याही सिझलरच्या हॉटेलात ते ताजं पाहायला मिळतं. गोंगाटात गोडाची जाणीव मंदावते, असं विमानाच्या घरघरीवर केलेल्या एका अमेरिकन प्रयोगात २०१५ मध्ये दिसलं, म्हणजे ते जास्तीचे पैसे देऊन मागवलेलं कॅरॅमल कस्टर्डही गेलं. खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं आणि एका भिंतीला जाडसर पडदा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. वासाचं म्हणाल तर सगळं एका फडक्यावर असतं. आंबूस ओल्या फडक्याने टेबल पुसून त्यावर ताट ठेवलं की पहिले तीन घास त्या फडक्याचेच लागतात.

त्या रात्री सव्वाअकराच्या सुमाराला, शेवटची दोन-तीन टेबलं उरली असताना, कुणीतरी आत जाऊन बटणं दाबली. पिवळी पट्टी गेली, टोपल्या गेल्या, वारलीवरचे स्पॉट विझले आणि छताच्या कडेच्या ट्यूबा एकामागोमाग लुकलुकत लागल्या. साफसफाईचा उजेड. भिंतीवरचे ओघळ दिसले, कोपऱ्यातली बादली दिसली, पोऱ्यांनी रिकाम्या टेबलांवर खुर्च्या उलट्या टाकायला सुरुवात केली. नातवाने केव्हाच टॉर्च बंद करून फोन खिशात टाकला होता, बिलाची बशी येऊन पडली होती. आबांनी ताटाकडे पाहिलं, मग थोडं वाकून पाहिलं. "अरे, डोक्यापाशी केवढं राहिलंय," ते म्हणाले, आणि बाजूला सारलेलं ताट पुन्हा जवळ ओढून, उरलेला भाकरीचा चतकोर मोडून, निवांत खायला बसले.